साखरेचा आकडा आणि कामगाराचा हक्क

गेली नऊ वर्षे मी मधुमेहाच्या गोळ्या घेतो. इन्सुलिन नाही. तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त द्यायचे, आकडा १२० च्या आसपास आला की निर्धास्त व्हायचे आणि शिवाजीनगर कोर्टात कामाला लागायचे, हा माझा शिरस्ता. मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या दंडावर सेन्सर चिकटवला. नाण्याएवढी चकती, कातडीखाली केसासारखी तार. दर काही मिनिटांनी साखरेची नोंद, सलग चौदा दिवस. तेव्हा कळले की सकाळी १२० असलेली साखर कँटीनच्या पोह्यांनंतर आणि गोड चहानंतर २४० वर जाते. उपाशीपोटीचा आकडा खोटा नव्हता, पण अपुरा होता. त्याची उलटतपासणी मी नऊ वर्षांत कधी घेतली नाही.

मला त्या सेन्सरचे काही हजार रुपये परवडले. ताडीवाला रोडच्या वस्तीतील आमच्या एका ताईंना ते परवडणारे नाहीत. त्या कंत्राटी सफाई कामगार. पहाटे चहाबरोबर गोळी घेऊन निघतात, भाकरी पोटात जाते ती अकरा वाजता. गोळी ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. नऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम येई, हात थरथरत, डोळ्यांपुढे अंधारी येई. मुकादम म्हणाला, "कामाची टाळाटाळ करता." अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. दुपारी जेवून दवाखान्यात गेल्या तर साखर ठीक! मग त्यांचे म्हणणे खरे मानणार कोण?

चौदा दिवस सेन्सर असता तर नऊ वाजताची ती घसरण कागदावर आली असती. डॉक्टरांनी गोळी किंवा तिची वेळ बदलली असती, आणि मुकादमापुढे ठेवायला पुरावाही मिळाला असता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आवश्यकच आहे, पण सरासरीत चढही लपतो आणि उतारही लपतो.

"गोळीवाल्यांना सेन्सर कशाला? तो इन्सुलिनवाल्यांसाठी," असे अजूनही ऐकू येते. जग पुढे गेले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या प्रौढांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सेन्सरला मान्यता दिली. आणि हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. बारा महिने सेन्सर लावा, असे कोणी म्हणत नाही. ज्यांच्या गोळीने साखर घसरू शकते, ज्यांच्या जेवणाची वेळ ठेकेदार ठरवतो, त्यांना वर्षातून एकदा-दोनदा तरी तो मिळाला पाहिजे.

ही भीक नव्हे. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये अडारकर अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने अखेरच्या वर्षांत किती छळले, हे आपण जाणतो. ईएसआयच्या दवाखान्यात गोळीवाल्या कामगारालाही ही तपासणी मिळावी, अशी आपली मागणी असली पाहिजे.

दुसरा प्रश्न किमतीचा. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने 'औषध' ठरली आहेत. हृदयातील स्टेंटच्या किमतीला सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली आणि भरमसाट भाव एका आदेशाने खाली आले. जे स्टेंटला झाले ते सेन्सरला का होऊ नये?

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. आपल्या गोळीचे नाव डॉक्टरांना विचारा. त्यांना कामाची आणि जेवणाची खरी वेळ सांगा. जेवणानंतर दोन तासांची तपासणीही करून घ्या. घाम, थरथर जाणवली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि जमल्यास बोट टोचून आकडा लिहून ठेवा. साखर ७० च्या खाली गेली तर डॉक्टरांना कळवा. स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नका. सेन्सर लावला तरी तो काही मिनिटे मागे चालतो. त्रास होतोय आणि आकडा बरोबर दिसतोय, तर बोट टोचून खात्री करा.

ताईंची गोळी आता बदलली आहे. कापलेली मजुरी अजून मिळालेली नाही. तो अर्ज मी लिहिला आहे. ईएसआयकडे द्यायच्या मागणीचा अर्जही तयार आहे. दर रविवारी धम्मवंदनेनंतर मी विहारात बसतो. ज्यांच्या घरी गोळीवाला मधुमेही आहे, त्यांनी सह्या करायला यावे.