निर्दोषतेचा हट्ट आणि निर्णय

परीक्षेच्या वेळीं देखरेख करीत असतां एक देखावा आमच्या नेहमीं दृष्टीस पडतो. एखादा हुशार विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाचें उत्तर लिहितो, खोडतो, पुन्हां लिहितो. आणि शेवटची घंटा होते तेव्हां त्याचे दोन प्रश्न कोरे राहिलेले असतात. त्यास उत्तरें येत नव्हतीं असें नाहीं. पहिलें उत्तर सर्वांगसुंदर झाल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, असें त्यानें मनाशीं ठरविलेलें असतें. आळसानें गुण गमावणाऱ्या मुलास आपण सर्व मिळून बोल लावतों; ह्या मुलाचे गुण कोणीं नेले, ह्याचा विचार मात्र फारसा होत नाहीं.

काम उत्तम व्हावें ही इच्छा, आणि त्यांत एकही उणें राहूं नये हा हट्ट, हीं दोन एक नव्हेत. निर्णयाच्या बाबतींत तर हा हट्ट विशेष घातक होतो. कारण कोणतीही वाट धरिली तरी दुसऱ्या वाटेवरचें कांहीं तरी सुटतेंच. ज्यास कांहींच सुटूं द्यावयाचें नाहीं, तो चौरस्त्यावर उभा राहतो. आणि तिकडे वेळ निघून जाऊन त्याच्या वतीनें निर्णय करून टाकते.

इंग्लंडांतील गणिती चार्ल्स बॅबेज ह्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. त्या काळीं नौकानयन, खगोल वगैरे कामांस लागणारीं कोष्टकें माणसें हातानें तयार करीत, आणि त्यांत चुका राहत. ह्या चुका कायमच्या नाहींशा कराव्या म्हणून त्यानें आपोआप आकडेमोड करणाऱ्या यंत्राची कल्पना काढिली व १८२२ सालीं लहानसा नमुना करून दाखविला. सरकारानें पैसा दिला. १८३२ पर्यंत यंत्राचा सुमारें सातवा हिस्सा जुळून तयार झाला, आणि तो चालेही. पुढें कारागिराशीं तंटा होऊन काम थांबलें. इतक्यांत बॅबेजच्या मनांत ह्याहून कितीतरी श्रेष्ठ अशा दुसऱ्या यंत्राची योजना उभी राहिली. सुमारें १७,००० पौंड खर्ची पडल्यावर १८४२ सालीं सरकारानें अंग काढून घेतलें. बॅबेजनें १८४७ ते १८४९ ह्या काळांत पहिल्याच जातीच्या यंत्राचे अधिक सुटसुटीत असे नवे आराखडे काढिले; परंतु १८७१ सालीं तो वारला तेव्हां एकही यंत्र पुरें झालेलें नव्हतें. आराखडे मुळांत खरे होते. लंडनच्या सायन्स म्यूझियमनें १९९१ सालीं त्यांवरून यंत्राचा गणनाभाग बांधून तें सिद्ध केलें.

ह्या अपयशाचें सारें खापर बॅबेजच्या स्वभावावर फोडणें अन्यायाचें होईल. पैसा आणि भांडणें ह्यांचाही त्यांत वाटा होता. तथापि स्वीडनमधील एका छापखानेवाल्यानें काय केलें तें पाहावें. गेऑर्ग शॉइट्स हें त्याचें नांव. बॅबेजच्या यंत्राविषयीं वाचून त्यानें आपला मुलगा एडवर्ड ह्याच्या साह्यानें लहान व साधें यंत्र करावयास घेतलें, आणि तें १८५३ सालीं पुरें झालें. पुढें तें अमेरिकेंतील आल्बनी येथील वेधशाळेनें विकत घेतलें. त्याच धर्तीचें दुसरें यंत्र खुद्द इंग्लंडच्या सरकारानें करविलें, व १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आयुर्मानाच्या कोष्टकांपैकीं कांहीं त्यावर तयार झालीं. तें यंत्र निर्दोष नव्हतें. त्यावर सतत नजर ठेवावी लागे. पण तें होतें! आणि शॉइट्स पितापुत्रांस मोकळ्या मनानें साह्य करणाऱ्यांत स्वतः बॅबेज होता, हें त्याच्या थोरपणास शोभण्यासारखेंच आहे.

अमेरिकन विद्वान हर्बर्ट सायमन ह्यांनीं १९५६ सालच्या एका निबंधांत ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार केला आहे. सर्वोत्तम निवडावयाचें तर सर्व पर्याय तपासले पाहिजेत. आणि तितका वेळ व तितकें ज्ञान मनुष्यापाशीं नसतें. म्हणून आपणांस पुरेसें काय, हें आधीं ठरवावें व त्या मापास उतरणारा पहिला पर्याय स्वीकारावा. ही ढिलाई नव्हे. माप हवें तितकें उंच ठेवावें, पण तें कोठें तरी असावें. पुढें २००६ सालीं अमेरिकेंत नोकरी शोधणाऱ्या पदवीधर विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वोत्तमाच्याच मागें लागणाऱ्यांस इतरांहून सुमारें २० टक्के अधिक पगार मिळाला होता. हा लाभ खोटा नव्हे, तो कबूल केला पाहिजे. परंतु मिळालेल्या नोकरीविषयीं समाधान मात्र त्यांसच कमी होतें.

आतां एक शब्द पालकांसाठीं. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ हेविट व फ्लेट ह्यांनीं १९९१ सालीं ह्या वृत्तीचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि इतरांस आपण निर्दोषच हवे आहों अशी समजूत. ही तिसरी समजूत मुलाच्या मनांत कोठून येते? शंभरांपैकीं शहाण्णव गुण घेऊन घरीं आलेल्या मुलास "चार कोठें गेले?" असें आपण हंसत हंसत विचारतों. आपण विसरून जातों. तें मूल विसरत नाहीं. शालान्त परीक्षेनंतर कोणती शाखा घ्यावी, हें ठरविण्याची वेळ आली म्हणजे त्यास आवड आठवत नाहीं, तर ते चार गुण आठवतात; आणि जेथें चुकण्याचा संभव आहे ती वाट तें सोडून देतें.

आरंभीं सांगितला तसा एक विद्यार्थी आमच्या वर्गांत होता. प्रत्येक प्रश्नास किती मिनिटें द्यावयाचीं, तें उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यांत आधींच लिहून ठेवावयास आम्हीं त्यास सांगितलें. पहिल्या खेपेस त्यानें तीं मिनिटें लिहिलीं आणि पाळलीं नाहींत. वार्षिक परीक्षेंत मात्र त्याचे सर्व प्रश्न सोडविलेले होते. पहिल्या उत्तरांत तीन ठिकाणीं खाडाखोड होती, आणि ती त्यानें तशीच राहूं दिली होती.