दीर्घ मुदतीचा हिशेब

श्रम आणि मोबदला यांच्यामधले अंतर जसजसे वाढत जाते तसतसा व्यवसाय अधिक दुष्कर होत जातो, हे आपण सर्वजण कमीअधिक अनुभवाने जाणतो. मजुराला संध्याकाळी, कारकुनाला महिनाअखेरीस आणि ठेकेदाराला बिल मंजूर झाल्यावर पैसा मिळतो. ज्याला ही मुदत ठाऊक असते त्याला आपला संसार तिच्याशी जुळवून घेता येतो. परंतु ज्याच्या मोबदल्याला मुदतच नाही, उत्तम काम केलेल्या रात्री ज्याच्या पदरचे चाळीस हजार जातात आणि ढिसाळ काम केलेल्या रात्री ज्याच्या पदरात साठ हजार पडतात, अशा मनुष्याने घरभाडे कशाच्या भरवशावर भरावे, हा प्रश्न मला पणजीला मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर, पोकर खेळून उपजीविका करणाऱ्या एका तरुणाच्या पाठीशी बसून त्याचे काम पाहत असताना प्रथम नीट उमगला.

तो माझ्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा. राहणार पुण्याचा, अभियांत्रिकीचा पदवीधर, आणि नोकरी सोडून काही वर्षे ह्याच धंद्यावर निर्वाह करणारा. कामासाठी त्याला गोव्याला जावे लागते याचे कारण कायद्यात आहे. गोव्याने १९७६ साली जुगारविषयक कायदा केला आणि पुढे १९९० नंतरच्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलांना व पाण्यावरच्या जहाजांना खेळ मांडण्याची मुभा दिली. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. रमीमध्ये कौशल्य प्रधान आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले होते. पोकरविषयी मात्र न्यायालयांत एकमत नाही, आणि गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले. गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून कॅसिनोत खेळण्यास मनाई असल्यामुळे तेथेच बिऱ्हाड करून कायमचे राहण्याचा मार्गही ह्या मुलाला मोकळा नाही. तेव्हा रात्रीच्या बसने जायचे, चारसहा दिवस लॉजवर राहायचे, खेळायचे आणि परतायचे, असा त्याचा क्रम आहे.

शुक्रवारी रात्री आम्ही जेट्टीवरून लहान बोटीने जहाजावर पोहोचलो तेव्हा टेबलाभोवती नऊ माणसे बसली होती आणि दोघे जागेसाठी नाव लिहून थांबले होते. डीलर प्रत्येकाला दोन पत्ते पालथे वाटतो. मग सर्वांच्या सामाईक उपयोगाचे पाच पत्ते मध्यभागी तीन टप्प्यांनी उघडले जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली लावण्याचा, ती वाढवण्याचा किंवा पत्ते टाकून देण्याचा अधिकार खेळाडूला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला ह्या कामाचे जे नाट्यमय रूप माहीत असते त्याचा येथे मागमूस नव्हता. पाच वेळा पत्ते आले तर चार वेळा हा मुलगा ते शांतपणे पुढे सरकवून देत होता. पत्ते टाकल्यावरच त्याचे खरे काम सुरू होई. समोरचा व्यापारी राजांची किंवा राण्यांची जोडी हातात आली की काही केल्या सोडत नाही. डावीकडचा तरुण हरल्यानंतरच्या पाच मिनिटांत प्रत्येक हातात उतरतो. कोपऱ्यातले वृद्ध गृहस्थ बोली वाढवतात तेव्हा त्यांच्यापाशी खरोखरच भारी पत्ते असतात. अशी निरीक्षणे तो मनात साठवीत होता, आणि जहाजावर पाण्याचा ग्लास घेण्यासाठी उठलो असता मला दोन वाक्यांत सांगत होता. रात्रीचे तीन वाजले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नऊ वाजता होती तितकीच सावधता होती, आणि ती टिकवण्यासाठी त्याने दारूला व जेवणाच्या जडपणाला दूर ठेवले होते हे मी पाहिले.

चारच्या सुमारास तो प्रसंग आला. त्याच्या हातात दोन सत्त्या होत्या, आणि पहिले तीन सामाईक पत्ते उघडले ते बदामचा राजा, किलवरची सत्ती आणि बदामची दुर्री असे. तीन सत्त्या जमल्या. समोरच्या व्यापाऱ्यापाशी बदामचा एक्का व दश्शी होती. आणखी एक बदाम आला तर त्याचा फ्लश, म्हणजे बदामचे पाच पत्ते, होणार होता. बोलीवर बोली चढत दोघांचेही सारे पैसे, प्रत्येकी सुमारे चाळीस हजार, मध्यभागी गेले. अशा स्थितीत चारांपैकी जवळजवळ तीन वेळा सत्त्या जिंकतात; ह्याहून चांगल्या भावाने पैसा गुंतवण्याची संधी ह्या खेळात फार वेळा येत नाही. चौथा पत्ता काळा आला. पाचवा बदामची चौकी आला. मुलाने दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केली, व्यापाऱ्याला ‘नाइस हँड’ म्हटले, आणि नव्या चिप्स मागवल्या. पुढचा हात वाटून झाला होता आणि त्याने तो टाकलाही होता.

मी नंतर त्याला विचारले, की आत काही हलले नाही का. “हलतं काका,” तो म्हणाला, “पण त्या हातात मी वेगळं काय करायला हवं होतं, एवढंच मी स्वतःला विचारतो. काहीच नाही, असं उत्तर आलं तर तो हात संपला.” फोनमधल्या त्याच्या रोजमेळात मी पाहिले, तर पैशांच्या रकान्याआधी तासांचा रकाना होता, आणि त्याच्या शेजारी ज्या निर्णयांविषयी शंका आहे त्यांची टिपणे होती, सत्त्यांच्या हाताची नोंद त्यांत नव्हती.

ह्या संयमामागे जे गणित आहे ते समजून घेतल्याशिवाय ह्या व्यवसायाची अडचण कळायची नाही. तो बसतो त्या टेबलावर मोठा ब्लाइंड, म्हणजे सक्तीची प्रारंभिक बोली, दोनशे रुपयांची असते. कुशल खेळाडूने तासाला सरासरी पाच ब्लाइंड, म्हणजे हजार रुपये मिळवले, तर ती उत्तम कमाई समजली जाते. परंतु एका तासातील चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तो पन्नास ब्लाइंडांच्या आसपास धरावा लागतो. शंभर तासांत कमाई शंभरपट होऊन ५०० ब्लाइंड होते. चढउतार मात्र शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहापटीने वाढून तोही ५०० ब्लाइंडांवर जातो. ह्याचा अर्थ असा, की सर्व काही नीट करणारा खेळाडूसुद्धा शंभर तासांच्या दर सहा खेपांपैकी साधारण एका खेपेस तोट्यात राहतो. आणि टेबलावरचे शंभर तास म्हणजे महिनाभराचे भरपूर काम. चारशे तासांनंतर तोट्याची शक्यता शंभरात दोनतीनवर येते. खेळाचा हिशेब असा लांबच्या मुदतीचा, आणि घराचा हिशेब पहिल्या तारखेचा! ह्या दोन कालगणनांच्या मध्ये हा मनुष्य उभा आहे, आणि त्याच्या बहुतेक साऱ्या यातना त्या विसंगतीतून निघतात असे माझे मत झाले आहे.

वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बिभीतक वृक्षाची पाने व फळे नुसत्या नजरेने अजमावतो, नल ती मोजून पडताळतो, आणि मग त्या संख्याविद्येसह अक्षहृदय शिकून पुष्कराकडून आपले राज्य एकाच पणात परत जिंकतो. विद्येचे फळ विद्या मिळताच हाती आले. ह्या तरुणाने शिकलेली विद्या त्याच जातीची आहे, तीही अंदाजाची आणि मोजणीची आहे. पण एका पणात ती काहीच सिद्ध करू शकत नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे २०१७ साली लिब्रेटस नावाच्या संगणकप्रणालीने चार निष्णात व्यावसायिकांना हरवले तेव्हा ते निर्विवाद ठरवण्यासाठी १,२०,००० हात खेळवावे लागले, आणि तरीही दैवाचा भाग कमी करण्यासाठी तेच पत्ते दोन खेळाडूंना उलटसुलट बाजूंनी वाटण्याची योजना करावी लागली. जहाजावरच्या टेबलावर तासाला अठ्ठावीस हात निघतात असे धरले, तर तेवढे हात खेळायला चार हजारांहून अधिक तास लागतील. म्हणजे आपण ह्या धंद्यास लायक आहोत किंवा नाही, हे निश्चित कळेपर्यंत माणसाची तीनसाडेतीन वर्षे खर्ची पडतात. आणि पडत्या काळात हा केवळ योगायोग आहे की आपला खेळच बिघडला आहे, ह्याचे उत्तर देणारा परीक्षक कोणी नसतो. त्याच्या वडिलांना जी चिंता वाटते ती पैशाची. त्याची स्वतःची चिंता ही आहे, आणि ती अधिक खोल आहे.

इंटरनेटवरच्या खेळाने ही मुदत आखडली होती. तेथे एकाच वेळी चार टेबले उघडून तासाला तीनशेपर्यंत हात खेळता येत, आणि जहाजावरचे वर्ष तेथे सवादीड महिन्यात उरकत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि ह्या मुलाची उपजीविका जवळजवळ त्याच आठवड्यात दहापटीने संथ झाली. त्या कायद्यामागचे कारण मी क्षुल्लक मानत नाही. मोबाइलवरच्या खेळांनी कर्जात बुडवलेली घरे मी ऐकून आणि पाहून जाणतो, आणि पोकरमध्ये एकाने मिळवलेला प्रत्येक रुपया दुसऱ्याने गमावलेला असतो, त्यातून खेळ मांडणाऱ्याचा ‘रेक’ वजा होतो, हे तर साधे अंकगणित आहे. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे एका हातात मध्यभागी जमलेल्या रकमेतून, सरासरी तीनशे रुपये कापले गेले असे धरा. तासाला अठ्ठावीस पॉट, नऊ खेळाडू, म्हणजे माणशी नऊशेहून अधिक रुपये दर तासाला टेबलावरून नाहीसे होतात. इतके देऊन झाल्यावर जो हजार रुपये मिळवतो त्याच्यासाठी कितीतरी माणसे हरलेली असावी लागतात. मुलगाही हे नाकारत नाही. हप्ते थकलेला मनुष्य टेबलावर आला आहे असे कळले तर तो टेबल बदलतो, असे त्याने मला सांगितले, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

तरीही सरकारच्या कर आकारणीत मला जो अन्याय दिसतो तो सांगितलाच पाहिजे. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आयकर कायदा सरसकट ३० टक्के कर, आणि वर उपकर, लावतो. त्या मिळकतीतून खर्च वजा करू देत नाही, आणि हरलेल्या रात्रींचा तोटा जिंकलेल्या रात्रींच्या नफ्यातून कापून घेऊ देत नाही. ऑनलाइन खेळासाठी एप्रिल २०२३ पासून निदान वर्षाच्या निव्वळ जिंकण्यावर कर होता. आता तो मार्गच बंद आहे. कॅसिनोवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० झाला. किराणा दुकानदाराच्या फक्त नफ्याच्या दिवसांवर कर बसवून तोट्याचे दिवस दप्तरातून वगळले, तर दुकान किती दिवस चालेल? जुगारी माणसाला परावृत्त करण्यासाठी हा नियम असेल तर तो त्याला परावृत्त करत नाही, कारण जुगारी वर्षाचा हिशेब मांडतच नाही. त्याचा भार पडतो तो हिशेब ठेवणाऱ्यावर.

म्हणून ह्या व्यवसायात कौशल्याइतकेच महत्त्व दोन वेगळ्या पिशव्यांना आहे. एक खेळाचे भांडवल: वीस हजारांनी टेबलावर बसणाऱ्याने निदान चाळीसपट, म्हणजे आठ लाख, बाजूला ठेवावेत, आणि स्पर्धा खेळणाऱ्याने प्रवेशशुल्काच्या शंभरपटीहून अधिक, कारण तेथे सातआठ जणांपैकी एकालाच काही मिळते आणि त्यातलाही मोठा वाटा अगदी वरच्या दोनचार जणांत जातो. दुसरी पिशवी घराची, आणि तीत वर्षभराचा खर्च असावा. पडत्या काळात पहिल्या पिशवीतून दुसरीत हात गेला की भांडवल दोन्ही बाजूंनी झिजते, आणि दुसरीतून पहिलीत गेला की घर उघड्यावर येते. बँक गृहकर्जासाठी तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, घरमालक कंपनीचे नाव विचारतो, आणि लग्नाच्या बैठकीत मुलगा काय करतो ह्या प्रश्नापाशी बोलणे अडते. त्याने लग्न केले ते शिक्षिका असलेल्या मुलीशी, सर्व काही सांगून. पहिल्या तारखेचा जमाखर्च आज तिच्या पगारावर चालतो, आणि हे तो संकोच न करता सांगतो.

भांडवल कमी पडले की बरेच जण ‘स्टेकिंग’चा आधार घेतात. दुसरा कोणी पैसे पुरवतो आणि नफ्यात वाटा घेतो. तोटा झाला तर तो खेळाडूच्या नावे खात्यात चढतो, त्याला ‘मेकअप’ म्हणतात, आणि तो भरून निघेपर्यंत खेळाडूला एक पैसाही मिळत नाही. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीन वेळा जागतिक अजिंक्यपदाची मुख्य स्पर्धा जिंकणाऱ्या स्टू अंगरला शेवटच्या विजयाचे दहा लाख डॉलर मिळाले तेव्हा निम्मे त्याला पैसे पुरवणाऱ्याकडे गेले. उरलेले फार काळ टिकले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मरण पावला. त्याच्या व्यसनांचा त्यात मोठा वाटा होता. पण ज्याच्याइतके पत्ते वाचणारे फार थोडे झाले त्यालाही पैसा सांभाळणे हे निराळे काम आहे हे साधले नाही.

ह्या मुलानेही ऑनलाइन बंदीनंतर असा करार केला आहे. त्याचा मसुदा मी वाचला. नफ्याची निम्मी वाटणी, महिन्याचा हिशेब लेखी, दारू पिऊन खेळल्यास करार रद्द, आणि तोटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास दोघांपैकी कोणालाही खेळ तहकूब करण्याचा अधिकार, अशी कलमे त्यात आहेत. मुदतीच्या कलमावर मात्र दोघांचा बराच वाद झाला होता. पैसे पुरवणाऱ्याला वर्ष हवे होते. मुलाने वर्ष, महिना ह्या भाषेला नकार दिला आणि शेवटी टेबलावरचे १,५०० तास अशी मुदत लिहून घेतली, मग ते वर्षात होवोत की दीड वर्षात. मी गेलो तेव्हा त्यांतले सुमारे चारशे झाले होते आणि खाते थोडे तोट्यात होते. पुढच्या आठवड्याची बस त्याने आरक्षित करून ठेवली होती.