सुगडांवरील रंगकाम : किनाऱ्यालगतच्या शाळांसाठी

मकरसंक्रांतीस हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे व गव्हाच्या ओंब्या भरून ज्या सुगडांचे वाण दिले जाते, ती हस्तव्यवसायाच्या तासाला फार उपयोगी पडतात. मुलांच्या ओंजळीत ती सहज मावतात, आणि सण सरल्यावर बहुधा अडगळीतच जातात. त्यांवर रंगकाम करवून घेण्याचा प्रघात अनेक शाळांत आहे. परंतु उरण-अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या समुद्रकाठच्या गावांत या कामी एक अडचण उद्भवते, तिचा येथे विचार करावयाचा आहे.

शिक्षकीच्या पहिल्याच वर्षी खाडीकाठच्या एका शाळेत मी चौथीच्या मुलांकडून सुगडे रंगवून घेतली. आठवड्याभरात रंगाचे पोपडे सुटू लागले. मुलांची समजूत झाली की आपलाच हात वाईट. दोघातिघांनी त्या वर्षी पुन्हा कुंचला धरला नाही. मीही त्यांना काम नीट करण्यास बजावले, याचा खेद आजही वाटतो. दोष मुलांच्या हाताचा नव्हता. सुगडे मी जवळच्या विहिरीच्या मचूळ पाण्याने धुवून घेतली होती.

भाजलेली माती सच्छिद्र असते. माठातील पाणी गार होते ते याच गुणामुळे : पाणी बाहेर पाझरते व त्याची वाफ होताना माठातील उष्णता निघून जाते. त्याच छिद्रांतून खारे पाणी आत शिरले, तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक पृष्ठभागाशी वाढतात व वरच्या रंगास ढकलून देतात. घराच्या भिंतीस लोणा लागतो, तोच हा प्रकार होय. दमट हवेत क्षार ओलावतात, कोरड्या हवेत पुन्हा सुकतात. म्हणून पोपडे एकदा सुटून थांबत नाहीत.

यास्तव सुगड प्रथम गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे. पाणी दोनदा तरी बदलावे. नंतर वाऱ्याच्या जागी सावलीत तीनचार दिवस पूर्ण सुकू द्यावे. वर पांढरी भुकटी दिसल्यास ती कोरड्या कुंचल्याने झटकून सुगड पुन्हा भिजवावे. येथे घाई करू नये. बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजत घालून गाळून घ्यावा. त्यात गेरू कालविला की तांबडा रंग होतो, काजळी कालविली की काळा. पांढऱ्यासाठी वर्गातील खडूचे तुकडे कुटून घ्यावेत. ते कोणत्या शाळेत नसतात? हळद मात्र उजेडात लवकर फिकी पडते. हे रंग पाण्याने सुटतात, तेव्हा रंगविलेल्या सुगडात बिया, शिंपले अशा कोरड्या वस्तूच ठेवाव्यात.

सुगडाभोवती सरळ पट्टा ओढणे मुलांना कठीण जाते. सुगड उपड्या वाटीवर ठेवून एका मुलाने ते सावकाश फिरवावे, दुसऱ्याने कोपर टेकून कुंचला स्थिर धरावा; कुंभाराच्या चाकाची युक्तीच ही. पोटाचा घेर कागदाच्या पट्टीने मापून ती पट्टी तीनदा दुमडली की आठ समान भाग मिळतात. अपूर्णांकांचा पाठ येथे निराळा शिकवावा लागत नाही.

नक्षीसाठी छापील नमुने देण्याचा मोह आवरावा. वारली चित्रे सुंदर आहेत; जिव्या सोमा म्हसे यांना त्या कलेसाठी 2011 साली पद्मश्रीही मिळाली. परंतु ती त्या समाजाने आपल्या भोवतालातून घडविली. आपल्या मुलांपुढे जाळ्याची वीण आहे, होडीचा कणा आहे, सुपारीचा घड आहे. ते त्यांनी पाहावे आणि जसे जमेल तसे काढावे. प्रदर्शनासाठी रेषा सरळ करून देणारा मोठ्यांचा हात परीक्षकास लगेच ओळखू येतो. मुलांना तर तो त्याच क्षणी कळलेला असतो.

सुगडाच्या बुडाशी मुलाचे नाव व तारीख लिहून घ्यावी. पावसाळा संपेपर्यंत ती सुगडे समुद्राकडील खिडकीत न ठेवता कपाटात ठेवावीत, व दिवाळीच्या सुटीनंतर रंग कोठे टिकला, कोठे सुटला, हे त्याच मुलांकडून पाहवून घ्यावे.