दहा हजार आणि बाराशे

फेब्रुवारी १९४३. जपानी वंशाच्या अमेरिकी तरुणांची एक वेगळी लढाऊ पलटण उभी करायची असं अमेरिकेच्या लष्कराने ठरवलं आणि स्वयंसेवक मागवले. हवाई बेटांतून हवे होते दीड हजार, आले जवळजवळ दहा हजार. मुख्य भूमीवरून हवे होते तीन हजार, आले जेमतेम बाराशे.

वंश एक, पिढी एक, महिनाही तोच. मग इतकी तफावत कशी? हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी त्या दहा हजारांनीच थक्क झालो होतो. पण त्यामागची हकिगत कळत गेली तसा माझा अचंबा सरकत सरकत बाराशेंवर येऊन थांबला.

आधी हवाई. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर जपानचे बॉम्ब पडले. त्याच दिवशी होनोलुलूच्या विद्यापीठातली, आपल्या एनसीसीसारखं सैनिकी शिक्षण घेणारी पोरं रायफली घेऊन बाहेर पडली. त्यांत निसेई पुष्कळ होते. निसेई म्हणजे दुसरी पिढी. त्यांचा जन्म अमेरिकेच्या भूमीवरचा, त्यामुळे ते जन्मानेच नागरिक. त्यांचे आईवडील म्हणजे इस्सेई, पहिली पिढी. ही माणसं उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबायला आलेली. सगळा जन्म तिथे काढला तरी कायद्याने त्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळूच शकत नव्हतं.

पोरांनी काही आठवडे पहारे दिले. जानेवारीत हुकूम आला: जपानी वंशाच्यांनी रायफली जमा करून घरी जावं. ज्या शहरात जन्मलो ते राखायला आपण चालत नाही, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना असं तोंडावर कळलं. तेव्हा वायएमसीएत काम करणारे हुंग वाई चिंग नावाचे गृहस्थ पुढे आले. ते स्वतः चिनी वंशाचे, आणि जपान तर चीनवरच तुटून पडलेला. तरी त्यांनी या मुलांना धीर दिला: बंदूक देत नाहीत ना, मग फावडं मागा. १६९ जणांनी लष्करी गव्हर्नरकडे अर्ज केला की आम्हाला कुठल्याही कामाला लावा. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना घेतलं, आणि कॉलेजातली ही पोरं स्कोफील्ड बराकीत दगड फोडू लागली, रस्ते करू लागली, तारा ओढू लागली. वर्षअखेरीस युद्ध खात्याचे सहायक मंत्री जॉन मॅक्लॉय बेटावर आले, तेव्हा चिंग त्यांना मुद्दाम त्या दगडखाणीवर घेऊन गेले. पुढच्या काही आठवड्यांतच पलटण उभारायचा निर्णय झाला. तो काही फक्त त्या खाणीमुळे झाला नसेल, पण त्या पोरांनी फोडलेला दगड त्याच्या पायात आहे असं मला मनापासून वाटतं.

हवाईच्या लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं जपानी वंशाची होती. त्या सगळ्यांना उचलून डांबलं असतं तर मळे ओस पडले असते, आणि मोडलेली गोदी दुरुस्त करायला सुतारही मिळाले नसते. म्हणून तिथे सरसकट कुणाला हात लावला नाही. धरपकड झाली ती दोन हजारांच्या आतच. म्हणजे त्या दहा हजारांपैकी बहुतेकांची घरं शाबूत होती. नाव नोंदवून ते संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी जाऊ शकत होते.

मुख्य भूमीवर जपानी वंशाची माणसं थोडी होती आणि त्यांची शेती-दुकानं दुसऱ्यांच्या डोळ्यांवर आलेली होती. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकुमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरची सुमारे १ लाख २० हजार माणसं घरातून उठवली गेली. त्यांतली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होती. हातात मावेल तेवढंच सामान घ्यायची मुभा. वाळवंटात आणि दलदलीत दहा छावण्या बांधलेल्या. डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी, एकेका खोलीत एकेक कुटुंब, जेवण रांगेत, संडास सामाईक. भोवती काटेरी तार आणि पहाऱ्याचे मनोरे.

त्या तारेच्या आत, १९४३ च्या फेब्रुवारीत, भरतीच्या आवाहनाबरोबर एक छापील अर्ज येऊन पोचला. अख्ख्या हकिगतीत मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो तो हा कागद. त्यातला २७ वा प्रश्न असा: हुकूम होईल तिथे लढाईवर जायला तयार आहात का? आणि २८ वा: अमेरिकेशी बिनशर्त एकनिष्ठ राहाल का, आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल का?

वरवर पाहता साधे प्रश्न. पण ते एका खोलीत, बाप आणि लेकाच्या मध्ये ठेवून बघा. मुलगा म्हणणार, सम्राटाशी माझी निष्ठा होतीच कधी? सोडली म्हणून लिहिलं तर आधी होती असं कबूल केल्यासारखं होतं. बापाची अडचण त्याहून मोठी. अमेरिका त्याला नागरिक करून घेत नव्हती. जपानशीही नातं तोडलं तर तो कुठल्याच देशाचा राहत नव्हता. पुढे इस्सेईंसाठी त्या प्रश्नाचे शब्द बदलावे लागले. आणि एकाचं 'हो', दुसऱ्याचं 'नाही' असं झालं तर कुटुंबाची ताटातूट होईल, ही धास्ती होतीच. दोन्हींना 'नाही' लिहिणाऱ्यांना पुढे ट्यूली लेकच्या छावणीत वेगळं काढलं. उलट जो सरकारच्या बाजूचा वाटे त्याला शेजारी 'इनू' म्हणत. इनू म्हणजे कुत्रा.

अशा खोल्यांतून उठून बाराशे जणांनी आपली नावं दिली.

काहींच्या आयांनी छावणीतच 'सेन्निनबारी' करून दिली. हा पोटाला बांधायचा पांढरा कापडी पट्टा. त्यावर लाल दोऱ्याच्या हजार गाठी, आणि प्रत्येक गाठ वेगळ्या बाईने मारायची. शिपायाची आई पट्टा घेऊन दारोदार फिरते, प्रत्येकीकडून एक टाका मागते. वाघाच्या वर्षात जन्मलेली बाई असेल तर तिला तिच्या वयाइतक्या गाठी मारायची मुभा, कारण वाघ घरी परत येतो अशी समजूत. सम्राटाचे शिपाई लढाईवर जाताना हाच पट्टा बांधायचे. तोच पट्टा अमेरिकी गणवेशाखाली बांधून ही पोरं गेली. बराकीबराकीतून फिरणारी ती आई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत दोन्हीकडची पोरं एकत्र आली आणि त्यांचं पटेना. बेटांवरची पोरं युकुलेले घेऊन आलेली, हातची सुटी, मिश्र बोलीत बोलणारी. मुख्य भूमीवरची गप्प, इंग्रजी नीट बोलणारी, पैसा जपून वापरणारी. बेटवाले त्यांना 'कोटोंक' म्हणत. पोकळ डोकं जमिनीवर आपटलं की होतो तो आवाज! मारामाऱ्या रोजच्या. मग बेटांवरच्या काही जणांना आर्कान्सामधल्या छावण्यांच्या भेटीला पाठवलं. डॅनियल इनोये हा अठराव्या वर्षी वैद्यकीचं शिक्षण सोडून भरती झालेला मुलगा त्यांत होता. लढाईत उजवा हात गमावून तो पुढे हवाईचा सिनेटर झाला, आणि ही भेट तो जन्मभर सांगत राहिला. जाताना गाणीबजावणी, कारण तिथे जपानी मुली भेटणार होत्या. पोचल्यावर दिसल्या तारा आणि मनोरे, आणि बंदुकांची तोंडं आतल्या बाजूला. त्यातूनच आलेले ते कोटोंक पगाराचा पैसा घरच्यांना पाठवत होते. परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. आपण इथे असतो तर नाव दिलं असतं का, हा प्रश्न इनोयेने स्वतःला विचारला. मारामाऱ्या थांबल्या.

या ४४२ व्या पलटणीचं ब्रीद होतं 'गो फॉर ब्रोक': फासे टाकताना होतं नव्हतं ते पणाला लावणं. इटली आणि फ्रान्समधल्या तिच्या लढायांवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, म्हणून इथे एकच सांगतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्समधल्या व्हॉजच्या जंगलात टेक्ससची एक बटालियन जर्मनांच्या वेढ्यात अडकली होती. ३० तारखेला निसेईंनी वेढा फोडला आणि २११ जण सुटले. सोडवणाऱ्यांतले त्याहून कितीतरी जास्त मेले किंवा जखमी झाले.

१९४४ मध्ये निसेईंवर सक्तीची भरती लागू झाली, तेव्हा हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी सांगितलं: आधी आमच्या माणसांना सोडा, मग येतो. त्यांना तुरुंगवास झाला; १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी माफी दिली. बाराशेंना मुजरा करताना या ६३ जणांना मी वगळणार नाही. धैर्य दोन्हीकडे होतं.

आणि आता देवळाली. हो, आपली नाशिकजवळची.

युद्धाच्या तोंडावर अमेरिकी लष्कराने जपानी भाषेचे जाणकार शोधायला ३,७०० निसेईंची चाचणी घेतली. ज्यांना मनाने जपानीच मानलं जात होतं, त्यांच्यात भाषेवर खरी हुकमत निघाली शेकडा तिघांची! ज्यांचं बालपण जपानात गेलं होतं त्यांना ती उत्तम येई, आणि नेमका त्यांच्यावरच सर्वात जास्त संशय. रॉय मात्सुमोतो त्यांतला. जन्म कॅलिफोर्नियाचा, लहानपणीची शाळा हिरोशिमाची. जेरोमच्या छावणीतून त्याने लष्कराच्या भाषाशाळेसाठी नाव दिलं. पुढे एका जोखमीच्या मोहिमेसाठी त्या शाळेतून १४ निसेई निवडले गेले, त्यांत तो होता. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांचं जहाज मुंबईला लागलं. तिथून ते देवळालीच्या छावणीत आले, मग मध्य भारतात देवगडला सराव, आणि तिथून ब्रह्मदेशाच्या जंगलात.

एप्रिल १९४४. न्पुम गा नावाच्या टेकडीवर त्यांची बटालियन वेढ्यात सापडलेली. रात्री मात्सुमोतो सरपटत जपानी फळीजवळ गेला आणि अंधारात कान देऊन पडून राहिला. समोरचे शिपाई क्यूशूचे होते. ती बोली त्याच्या ओळखीची, कारण कॅलिफोर्नियात किराणा माल घरोघर पोचवताना निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या गिऱ्हाइकांच्या बोली त्याच्या कानावर पडलेल्या. पहाटे कुठल्या बाजूने हल्ला होणार ते त्याने ऐकलं आणि परत येऊन सांगितलं. अमेरिकी शिपाई तिथले खंदक सोडून वर सरकले. पहाटे जपानी रिकाम्या खंदकांवर तुटून पडले आणि वरून गोळीबार सुरू झाला. मागची तुकडी थबकली. तेव्हा मात्सुमोतो उभा राहिला आणि जपानी अधिकाऱ्याच्या आवाजात ओरडला: चाल करा!

त्यांनी चाल केली. उजाडल्यावर ५४ मृतदेह मोजले गेले.

त्याचे तीन भाऊ जपानी सैन्यात होते आणि आईवडील हिरोशिमाला. ते जिवंत आहेत हे त्याला युद्ध संपल्यावर कळलं.