एक्झॉस्ट फॅन लावताय? आधी हवेची वाट बघा

मुंबई-कोकणात पावसाळा लागला की बाथरूमचं छत काळं पडतं, टॉवेलला कुबट वास येतो. एक्झॉस्ट फॅनने नक्की फरक पडतो, पण तो नीट बसवायला हवा.

५ बाय ७ फुटांची, ८ फूट उंच बाथरूम म्हणजे २८० घनफूट हवा. ती तासाला ८ वेळा बदलायची तर ताशी साधारण ६५ घनमीटर हवा फेकणारा फॅन लागतो. खोक्यावरचा आकडा याहून चांगला मोठा बघा. जाळी, झडपा, पाइप यांत बरीच हवा अडते.

खरी गोम पुढे आहे. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यायला हवी! दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा. आणि ज्या खिडकीत फॅन आहे, तिच्या काचपट्ट्या बंद करा. नाहीतर फॅन शेजारचीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि वाफ छताला तशीच चिकटते. पेटती उदबत्ती दाराच्या फटीशी धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे.

फॅन दारासमोरच्या भिंतीत, शक्य तितका उंच बसवा. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार द्या. हवा फॉल्स सीलिंगच्या वर सोडू देऊ नका, थेट घराबाहेर काढा. आंघोळीनंतरही २० मिनिटं चालू ठेवा.

बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल, तर मात्र फॅनच्या भरवशावर अजिबात राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी गीझर बाहेर हलवा.