पटकीच्या जिवाणूचा भाला कोणावर रोखलेला असतो?

जिवाणू आपली प्रथिने पेशीबाहेर कशी पाठवतात, याबद्दल सर्वसामान्य वाचकाला जे काही कळते ते बहुतेक वेळा आजाराच्या निमित्ताने. त्याला कारणही आहे. १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी पटकीचे जिवाणू वाढवलेला द्रव गाळून घेतला. एकही जिवाणू न उरलेला तो द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडला, आणि नुसत्या त्या द्रवानेही आतड्यात पाणी साचते हे सिद्ध केले. रोग घडवणारे विष म्हणजे जिवाणूने बाहेर टाकलेले एक प्रथिन होते. पुढे प्लेगच्या जिवाणूकडे तर आपल्या पेशींत थेट प्रथिने टोचणारी यंत्रणा आढळली. इतके झाल्यावर प्रथिन-स्राव यंत्रणा म्हणजे माणसाला आजारी पाडण्याचे साधन, अशी समजूत रुजली तर नवल नाही. पण ही समजूत अपुरी आहे. यांतल्या काही महत्त्वाच्या यंत्रणांचा मुख्य रोख शेजारच्या जिवाणूंवर असतो. तो लक्षात घेतला नाही, तर रोगही अर्धाच समजतो.

या यंत्रणांना क्रमांकाने ओळखतात, आणि सहाव्या प्रकाराची गोष्ट इथे सर्वांत बोलकी आहे. २००६ साली अमेरिकेत दोन अभ्यासांतून तिची ओळख पटली: एक पटकीच्या जिवाणूवर, दुसरा स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर. तिची रचना एखाद्या ताणून धरलेल्या भाल्यासारखी असते. पेशीच्या आत प्रथिनांची एक लांब नळी, नळीभोवती आवरण, आणि नळीच्या टोकाशी अणकुचीदार प्रथिन व त्याला जोडलेले विष. आवरण पाच मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळात आकसते, आणि नळी स्वतःच्या पेशीतून बाहेर पडून लगतच्या पेशीत घुसते. मग आकसलेले आवरण सुटे केले जाते आणि त्याच प्रथिनांतून नवे उभे राहते. २०१२ साली मारेक बास्लर, जॉन मेकॅलानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले. या रचनेचे नाते जिवाणूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे फाजच्या शेपटीशी आहे. फाजची ती शेपटी जिवाणूचे कवच भेदण्यासाठीच असते. यंत्राच्या घडणीतच त्याच्या लक्ष्याची पहिली खूण मिळते.

नुसत्या घडणीवरून निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे, म्हणून विषांकडे पाहायला हवे. २०१० साली स्युडोमोनासच्या अशा एका विषाचा अभ्यास झाला. ते पेशीच्या आतच तयार करायला लावले, तर जिवाणू मरतात आणि प्रगत, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींनाही ते घातक ठरते. पण स्युडोमोनासला स्वतःच्या यंत्रणेने ते वापरू दिले, तेव्हा मार बसला तो फक्त जिवाणूंना. पुढच्याच वर्षी आणखी दोन विषे सापडली. ती जिवाणूची पेशीभित्तिका कुरतडतात, आणि ही भित्तिका माणसाच्या पेशीला मुळात नसतेच. त्याहून महत्त्वाची बाब उताऱ्याची. अशा प्रत्येक विषाच्या जनुकालगत त्याचा उतारा बनवणारे जनुक असते, कारण आपल्याच बहिणपेशीचा भाला कधीही येऊन लागू शकतो. माणूस हेच मुख्य लक्ष्य असते, तर जिवाणूला स्वतःच्या जातभाईंपासून बचाव करण्याची एवढी तजवीज कशाला लागली असती?

यावर जाणकार वाचक बोट ठेवील: २००६ चा पटकीवरचा शोध लागला तो अमीबाच्या प्रयोगातून, आणि पटकीच्या भाल्याच्या एका टोकावर प्रगत पेशींचा आतला सांगाडा बिघडवणारा भागही आहे. हे दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच ‘फक्त जिवाणूंविरुद्ध’ असे मी म्हणत नाही. पण अमीबा हा पाण्यात आणि मातीत जिवाणू खाऊन जगणारा जीव आहे, तोही शेजारीच. शिवाय यंत्रणेचे नामकरण होण्यापूर्वी, २००३ साली, याच जनुकांचा एक गट वाटाणावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियममध्ये नोंदला गेला होता. त्या जिवाणूचा माणसाच्या आजाराशी काडीचाही संबंध नाही.

पटकीचा जिवाणू आपली यंत्रणा केव्हा उपसतो, हे पाहिले की मुद्दा आणखी पक्का होतो. त्याचे खरे घर माणसाचे आतडे नव्हे, तर किनाऱ्यालगतचे मचूळ पाणी. तिथे तो कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतो. हे ज्ञान किती उपयोगी पडले ते बांगलादेशातल्या मतलबमध्ये दिसले. रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या घरांत जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पिण्याचे पाणी गाळण्याची पद्धत राबवली, आणि पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध केले. साडीत जिवाणू अडत नाही, त्याचे वाहन अडते. त्या वाहनाचे कवच कायटिनचे असते. २०१५ साली स्वित्झर्लंडमध्ये मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने दाखवले, की कायटिनवर वाढताना हा जिवाणू बाहेरचा डीएनए आत घेण्याची क्षमता आणि सहाव्या प्रकारचा भाला, दोन्ही एकाच वेळी चालू करतो. शेजाऱ्याला फोडायचे आणि सांडलेला डीएनए उचलायचा. नंतर असेही दिसले, की उचललेले तुकडे दीड लाख बेस-जोड्यांहूनही लांब असू शकतात. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके जिवाणूंत कशी पसरतात, याचा एक मार्ग इथून जातो. रोगाचा विचार करणाऱ्यालाही शेजाऱ्यांची झुंज टाळून चालणार नाही, ते यासाठी.

दुसरा गैरसमज असा, की जिवाणू एकमेकांना मारतात ते पेनिसिलिनसारखी द्रव्ये आसपास सोडून. तसेही होते. आंद्रे ग्रासिया यांनी १९२५ साली ई. कोलायचे असे एक दूरवर पसरणारे मारक द्रव्य वर्णिले होते, आणि आपल्या दह्यातले जिवाणू मुख्यतः आम्ल करून इतरांना आवरतात. पण सहाव्या प्रकाराला स्पर्श लागतो. एका पेशीभर अंतर पडले तरी भाला वाया जातो. जाड भित्तिकेचे बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू त्यातून सुटतात, आणि पेशीभोवती शर्करांचा दाट थर असला तरी बचाव होतो. म्हणून ‘हे यंत्र म्हणजे उद्याचे प्रतिजैविक’ असे कोणी म्हटले, तर तो उत्साह अतिरेकी आहे. मारणारी पेशी लक्ष्याला खेटून बसवल्याशिवाय काहीच घडत नाही.

असे मारेकरी असल्यावर एकच जात उरेल, ही भीतीही वस्तुस्थितीला धरून नाही. स्युडोमोनास तर सहसा आधी मार खातो आणि जिथे घाव बसला नेमक्या त्याच जागी उलटा भाला उभारतो. २०१३ च्या प्रयोगात पटकीच्या ज्या जिवाणूंची यंत्रणा निकामी केली होती, त्यांना त्याने फारसे छेडले नाही. तसेच, पटकीचे एकमेकांना मारणारे दोन वाण एकत्र वाढवले, तर मिश्रण टिकत नाही, पण दोन्ही टिकतात: प्रत्येकाचे आपापले पट्टे तयार होतात आणि लढाई उरते ती सीमेवर. ‘लढाई’, ‘मारेकरी’ या शब्दांवर आक्षेप घेता येईल, कारण जिवाणूला हेतू नसतो. पण विष, ते टोचणारे यंत्र आणि जोडीचा उतारा निवडीतून एकत्र टिकले आहेत, आणि त्याचा परिणाम शेजाऱ्याचा मृत्यू हाच आहे. त्याला सौम्य शब्द वापरणे दिशाभूल करणारे ठरेल.

उरतो तो सर्वांत रूढ गैरसमज: चांगले जिवाणू शांत, वाईट तेवढे सशस्त्र. २०१८ साली उंदरांच्या पिल्लांत दिसले, की पटकीचा जिवाणू आतड्यातल्या रहिवासी ई. कोलायवर हा भाला चालवतो आणि त्यामुळे त्याला तिथे बस्तान बसवणे सोपे जाते. म्हणजे आजारातही पहिला वार शेजाऱ्यावरच. पण निरोगी माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिसकडेही याच प्रकारची यंत्रणा आहे. मातीतल्या निरुपद्रवी स्युडोमोनास प्युटिडाच्या एका परिचित वाणाकडे तर अशा तीन आहेत, आणि त्यांच्या बळावर तो झाडाच्या पानावर झँथोमोनास या रोगकारक जिवाणूला मारून पान वाचवतो. तेव्हा एखाद्या जिवाणूच्या जनुकसंचात सहाव्या प्रकारची यंत्रणा सापडली एवढ्यावरून त्याला रोगकारक ठरवणे चूक आहे; त्यावरून फक्त इतकेच म्हणता येते, की तो गर्दीत राहतो.