दम्याचा पंप आणि फार्मासिस्टची मदत: रुग्णांनी काय विचारावे?

लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस, घरातली ओल आणि भिंतीवरची बुरशी. मावळातल्या गावांत राब भाजणीचा व चुलीचा धूर, भात झोडताना उडणारी धूळ. दमा वाढवणाऱ्या गोष्टी इथे वर्षभर असतात. डॉक्टरांची भेट काही महिन्यांनी होते, पण औषधासाठी रुग्ण किंवा घरचे कोणी वडगाव, कामशेत, तळेगाव किंवा लोणावळ्याच्या मेडिकलमध्ये वरचेवर जातात. म्हणून तिथल्या फार्मासिस्टची मदत मोलाची ठरते.

विचारले तर चालेल का?

हो. भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या नियमांनुसार औषध कसे घ्यावे व कसे ठेवावे हे रुग्णाला समजावणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. संकोच करू नका. फक्त गर्दीची वेळ टाळा.

रुग्णांकडून नेहमी ऐकू येणाऱ्या अडचणी

• "पंप घेतो, पण फरक पडत नाही." अनेकदा चूक पद्धतीत असते. फवाऱ्याचा पंप हलवून घ्या, श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच हळू व खोल श्वास घ्या आणि शक्य असल्यास १० सेकंद रोखा. पावडरच्या पंपात मात्र श्वास जोरात व खोल ओढायचा असतो. आपली पद्धत फार्मासिस्टला करून दाखवा. जमत नसेल तर स्पेसरबद्दल विचारा.

• "कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली." पंपाची कॅप्सूल गिळायची नसते, ती यंत्रात घालून आतली पावडर ओढायची असते. दमट हवेत पावडर चिकटते, म्हणून कॅप्सूल वापराच्या वेळीच पाकिटातून काढा.

• "धाप नाही, मग पंप कशाला?" रोजचा पंप श्वासनलिकांची सूज कमी ठेवतो. बरे वाटते म्हणून तो स्वतःहून बंद करू नका.

• "स्टेरॉइडची सवय लागेल." पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते आणि त्याचे व्यसन लागत नाही. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंका, म्हणजे तोंडात बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता कमी होते.

फार्मासिस्टच्या लक्षात येणारा धोका

तात्पुरता आराम देणारा पंप, म्हणजे साल्ब्युटामोल, पुन्हा पुन्हा विकत घेणे हे दमा आटोक्यात नसल्याचे लक्षण आहे. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला असतो. केवळ या पंपावर दम्याचा उपचार करू नये, असे दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून सांगतात. फार्मासिस्टने "डॉक्टरांना दाखवा" म्हटले तर राग मानू नका. चिठ्ठीशिवाय तोच पंप मागण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

फार्मासिस्ट डॉक्टरांची जागा घेत नाही; डोस बदलणे हे डॉक्टरांचेच काम. योग-प्राणायामही पूरक आहे, पंपाला पर्याय नाही.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडले असतील, रुग्ण गुंगीत असेल किंवा पंप घेऊनही आराम नसेल तर मेडिकलमध्ये वेळ घालवू नका. रुग्णाला सरळ बसवा, आराम देणारा पंप स्पेसरमधून द्या आणि १०८ ला फोन करा. घाटात किंवा आतल्या गावात राहत असाल तर पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या आणि एक जादा पंप घरी ठेवा.